पार्क स्ट्रीटचे सूर आणि महीनचे घोडे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. इतिहास म्हटला की आपणां मराठी माणसांची दृष्टी स्वाभाविकपणेच गडकिल्ल्यांकडे वळते. ज्या शहरी आम्हांस नोकरीची आरंभीची काही वर्षे काढावयास मिळाली, त्या कलकत्त्याशी तर आपला ऐतिहासिक संबंध फारसा सुखाचाही नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी खणलेला 'मराठा खंदक' आणि बंगाली मातांनी मुलांना निजविताना घातलेली 'बर्गी' येण्याची भीती, ही त्या संबंधाची जुनी स्मारके होत. तथापि आज त्या खंदकाच्या वाटेस न जाता त्याच शहरातील एका निराळ्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्ही योजिले आहे. हा इतिहास तरुणांच्या गाण्याचा आहे. त्यात राजे नाहीत, तह नाहीत. आहेत ती उपाहारगृहे, गिटारी, ध्वनिमुद्रिका आणि आपल्या वडीलधाऱ्यांस न रुचणारे काहीतरी करू पाहणारी विशीपंचविशीतली मुले.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. आपले मंडळ ज्या १९७५च्या सुमारास स्थापन झाले, त्याच सुमारास कलकत्त्यात सात तरुणांनी एकत्र येऊन बंगाली भाषेत एका नव्या तऱ्हेचे गाणे गावयास प्रारंभ केला. म्हणजे त्यांचे गाणे आणि आपले मंडळ समवयस्क आहेत. आणि सभोवती दुसऱ्याच भाषेचे सूर घुमत असता आपल्या भाषेने काय करावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न आपल्यालाही परका नाही.

या कथेचा आरंभ पार्क स्ट्रीटवर होतो. या रस्त्यास २००४पासून मदर तेरेसांचे नाव दिलेले आहे. परंतु लोकांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. इंग्रजी अमदानीत कलकत्त्याच्या मोठ्या हॉटेलांत पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे वाद्यवृंद वाजत. टेडी वेदरफर्ड नावाचा अमेरिकेतील नामांकित कृष्णवर्णीय पियानोवादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे राहून वाजवीत असे आणि १९४५ साली पटकीच्या विकाराने त्याचा अंत याच शहरात झाला. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, पण वाद्ये राहिली. १९५०च्या नंतर पार्क स्ट्रीटवर मोकॅम्बो, ट्रिंकाज, ब्लू फॉक्स, मूलाँ रूज अशी उपाहारगृहे रंगास आली. दिवेलागणीनंतर त्या अर्ध्या मैलाच्या रस्त्यावर एका दारातून सॅक्सोफोन आणि दुसऱ्यातून ड्रम ऐकू येत, असे जुने लोक आजही डोळे मिटून सांगतात.

आता वाजविणारे हे लोक कोण होते, याचा विचार केला म्हणजे एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी बहुतेकांचे घर त्या शहरी नव्हते. आणि ज्यांचे होते, त्यांचे मन आपले घर नेमके कोठे, या विवंचनेत होते. गोव्याहून आलेले वादक त्यांत पुष्कळ. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. पण गावी त्या विद्येवर पोट भरण्याची सोय नव्हती. त्यामुळे गोमंतकीय वादक मुंबई, कलकत्ता, कराची, रंगून अशा बंदरोबंदरी पांगले. मुंबईस आलेल्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा केला. आपले सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'मधील (१९५१) ठेक्यामागे चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेल्या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा वाटा होता, हे संगीताच्या जाणत्यांस ठाऊक आहेच. त्याच चिक चॉकलेटचे जावई ब्राझ गोन्साल्विस हे सॅक्सोफोनवादक पुढे कलकत्त्यास ब्लू फॉक्समध्ये वाजवीत.

त्यांच्या जोडीला पियानोवर लुई बँक्स असत. नाव इंग्रजी, परंतु गृहस्थ नेपाळी वंशाचे. दार्जिलिंग येथे १९४१ साली जन्मलेल्या या कलावंताचे मूळ नाव डंबरबहादूर बुडाप्रिथी. वडील ट्रंपेट वाजवीत, आणि व्यवसायासाठी त्यांनी जॉर्ज बँक्स हे नाव धारण केले होते. गात असे पॅम क्रेन. पार्क स्ट्रीटची स्वरसम्राज्ञीच ती. आणि १९६९ साली ट्रिंकाजमध्ये मुंबईत वाढलेली एक तमिळ तरुणी, उषा अय्यर, कांजीवरम् साडी नेसून, कपाळास ठसठशीत कुंकू लावून इंग्रजी गाणी म्हणू लागली. रात्रीच्या उपाहारगृहात गाणारी स्त्री म्हणजे अमुक एका वेषातली, ही समजूत तिने एका साडीने पुसून टाकली. याच पुढे उषा उथुप म्हणून सर्वश्रुत झाल्या आणि कलकत्तेकरच बनल्या.

गोमंतकीय, नेपाळी, तमिळ, अँग्लोइंडियन अशा या परक्यांच्या मेळ्याने एका बंगाली शहराला त्याचे संध्याकाळचे संगीत दिले. आपणही परगावी राहणारे असल्यामुळे याचे मोल आपणांस अधिक कळावे. त्या मेळ्यातील लुई बँक्स यांना राहुलदेव बर्मन यांनी ब्लू फॉक्समध्ये ऐकले आणि मुंबईस बोलाविले. १९८८ साली दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' प्रथम दाखविले गेले, तेव्हा पं. भीमसेन जोशी यांच्या आरंभीच्या स्वराने आपल्यापैकी कितीकांचे डोळे पाणावले होते! त्या गीताच्या संगीतामागे आपले अशोक पत्की होते आणि हे लुई बँक्सही होते. पार्क स्ट्रीटचा एक सूर असा घरोघरी येऊन पोहोचला होता. आपल्याला तो ओळखू आला नाही, इतकेच.

उपाहारगृहांत जाण्याची ऐपत फार थोड्यांची. कॉलेजातील मुले बाहेरच्या फुटपाथवर उभी राहून ऐकत, अथवा रेडिओ सिलोनची सुई जुळवून बसत. रेडिओ सिलोनच्या लोकप्रियतेचे श्रेय काही अंशी एका मराठी गृहस्थांकडे जाते, हे येथे नमूद केले पाहिजे. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बा. वि. केसकर हे शास्त्रीय संगीताचे कळकळीचे अभिमानी होते. आकाशवाणीवरून हलकीफुलकी चित्रपटगीते हद्दपार करावीत, म्हणजे जनतेची अभिरुची सुधारेल, असा त्यांचा विश्वास होता. शास्त्रीय गायकवादकांस त्यांच्या धोरणाने मोठाच आधार मिळाला, यात संशय नाही. परंतु श्रोत्यांनी अभिरुची बदलण्याऐवजी रेडिओचे केंद्र बदलले! अखेर १९५७ साली सरकारलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. संगीताचे रक्षण हुकुमाने होत नाही, याचा हा पहिला दाखला; दुसरा पुढे येणारच आहे.

त्या तरुणांस त्यांचे असे एक मुखपत्रही कलकत्त्याने दिले. 'स्टेट्समन' दैनिकाच्या घराण्यातून १९६७ साली 'ज्युनियर स्टेट्समन' हे साप्ताहिक निघाले. पुढे ते नुसत्या 'जे. एस.' या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले. चित्रकार डेस्मंड डॉइग हे त्याचे संपादक. लांब केस, घेरदार पाटलोणी, बीटल्सची गाणी, वडिलांशी होणारे वाद हे सारे त्या अंकांत असे. छावण्यांतून आणि रेल्वे वसाहतींतून वाढणारी मुले, त्यांत आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील मराठी कुटुंबांचीही, त्या अंकाची वाट पाहत. १९७७ साली ते बंद झाले. याच काळात कलकत्त्यात मुख्य कचेरी असलेल्या एका तंबाखू कंपनीने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी तरुण वाद्यवृंदांच्या स्पर्धा भरविल्या. १९७० आणि १९७१ सालच्या 'सिमला बीट'च्या ध्वनिमुद्रिकांत शिलाँग, मद्रास, बंगलोर येथील मुलांचे वादन मुद्रित झाले आहे. बंडखोरीचा खर्च सिगारेटने सोसला, हा विनोद त्या काळी कोणास जाणवला असेल काय?

बंडखोरी केवळ गिटारीपुरती नव्हती. १९६१पासून मलय रायचौधुरी आदी कवींनी 'भुकेली पिढी' या नावाने बंगाली कवितेत धुमाकूळ घातला होता. १९६२ साली अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग कलकत्त्यास येऊन या वर्तुळात वावरला. १९६४ साली एका कवितेवरून मलयबाबूंवर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९६७ साली उच्च न्यायालयाने त्यांस निर्दोष ठरविले. मराठीत त्याच वर्षांत लघुअनियतकालिकांची चळवळ चालू होती. बंगालीतून मराठीत अनुवाद करणारे अशोक शहाणे यांनी १९६३ साली 'असो' काढले. दोन्ही भाषांतील तरुण एकाच वेळी अस्वस्थ झाले होते. परंतु कवितेत जे घडले ते गाण्यात अद्यापि घडावयाचे होते. गिटार वाजविणारा मुलगा घरी बंगाली बोले, मैदानावर बंगालीत भांडे, प्रेमही बंगालीत करी. गाताना मात्र लिव्हरपूलचे इंग्रजी गाई. दिलीप बालकृष्णन, नंदन बागची, लू हिल्ट यांच्या 'हाय' या वाद्यवृंदाने १९७०नंतरच्या दशकात नक्कल सोडून स्वतःच्या रचना वाजविल्या. पण त्याही इंग्रजीतच.

मग काळ पालटला. १९६७ साली नक्षलबारीची ठिणगी पडली आणि थोड्याच वर्षांत कलकत्त्याच्या गल्ल्यांतून बाँब आणि पोलिसांच्या गोळ्या ऐकू येऊ लागल्या. कितीएक हुशार मुले कॉलेज सोडून गेली. काही परतलीच नाहीत. करमणूक कराचा बोजा, कारखान्यांचे स्थलांतर, तासन् तास जाणारी वीज, या साऱ्यांनी पार्क स्ट्रीटची रात्र मावळू लागली. अँग्लोइंडियन कुटुंबे ऑस्ट्रेलियाच्या आगबोटी धरीत होती, वादक मुंबईची गाडी. पुढे ब्लू फॉक्सही बंद पडले.

उरलेल्यांच्या मागे 'अपसंस्कृती' या शब्दाचा ससेमिरा लागला. १९८०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत उषा उथुप यांच्या गाण्यास सरकारी सभागृहाची दारे याच कारणाने बंद करण्यात आली. त्या उच्च न्यायालयात गेल्या आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. हा आमचा दुसरा दाखला. तिसरा याहून सूक्ष्म आहे. रवींद्रनाथांच्या गीतांच्या ध्वनिमुद्रणास विश्वभारतीच्या संगीत मंडळाची संमती लागे, कारण स्वामित्वहक्क २००१अखेरपर्यंत तिच्याकडे होते. देवव्रत विश्वास यांच्यासारख्या लोकांच्या गळ्यातील ताईत झालेल्या गायकाच्या गाण्यावर या मंडळाने आक्षेप घेतले, आणि त्या मानी माणसाने पुढे ध्वनिमुद्रणच सोडले. रवींद्रसंगीताचे प्रेम आणि त्याचा पहारा एकाच घरात कसे नांदतात, हे यावरून दिसते. आम्ही त्या मंडळास दोष देत नाही. ज्याला आपले धन प्रिय असते, तो कुलूप लावतोच.

अशा या कुलूपबंद काळातच आरंभी उल्लेखिलेले सात तरुण पुढे आले. त्यांचा म्होरक्या गौतम चट्टोपाध्याय. प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी, पार्क स्ट्रीटवर अँग्लोइंडियन मित्रांबरोबर गिटार वाजविलेला, आणि नक्षलवादी चळवळीत पडून कारावासही भोगलेला. म्हणजे त्या शहराची दोन्ही टोके या एका माणसात एकत्र आली होती. दोघे भाऊ, एक आप्त आणि मित्र मिळून त्याने जो मेळा जमविला, त्यास नाव दिले 'महीनेर घोडागुली', म्हणजे 'महीनचे घोडे'. हे नाव जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतून घेतलेले. ज्या कवीस हयातीत थोड्यांनीच ओळखले आणि जो १९५४ साली याच शहरातील ट्रामच्या अपघातात गेला, त्याच्या कवितेतून नाव घ्यावे यात त्यांचा स्वभाव दिसतो.

त्यांचे गाणे कसे होते? गिटार, ड्रम, सॅक्सोफोन, व्हायोलिन ही वाद्ये पार्क स्ट्रीटची. चाली कधी पाश्चात्त्य, कधी बाऊल भिक्षेकऱ्याच्या. आणि शब्द मात्र कलकत्त्याच्या चहाच्या टपरीवर बोलले जातात तसे साधे बंगाली. त्यांत बेकारी होती, गर्दी होती, एकटेपणा होता, शहर होते. १९७७, १९७८ आणि १९७९ या तीन वर्षांत त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. पहिलीचे नावच 'संविग्न पाखीकूल ओ कलकत्ता विषयक', म्हणजे अस्वस्थ पक्षी आणि कलकत्ता यांविषयी. १९८० साली कलकत्त्याच्या जाझ महोत्सवातही ते वाजवून आले. परंतु लोकांना हे गाणे रुचले नाही. रवींद्रसंगीत ऐकणाऱ्यास तो गोंगाट वाटला, इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यास बंगाली शब्द गावंढळ वाटले. ध्वनिमुद्रिका पडून राहिल्या. १९८१ साली मेळा फुटला. सातही जण पोटापाण्याच्या मागे निरनिराळ्या दिशांस गेले. सहा वर्षांचा खेळ संपला.

आम्ही कलकत्त्यास बदलून गेलो ते १९९४ साली. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात गणेशोत्सव, कोजागरी, नाट्यगीतांची मैफल असे आमचे सांस्कृतिक जीवन यथास्थित चालले होते. पण कचेरीतील तरुण बंगाली सहकारी दुपारच्या डब्याच्या वेळी वेगळेच बोलत. १९९२ साली सुमन चट्टोपाध्याय यांची 'तोमाके चाइ' ही कॅसेट निघाली होती, आणि एकटा माणूस गिटार घेऊन आपल्याच शहराविषयी बंगालीत गातो, या गोष्टीने ती मुले भारून गेली होती. १९९५च्या पुस्तक मेळ्यात आणखी एक कॅसेट आली, 'आबार बछर कुडि परे', म्हणजे 'पुन्हा वीस वर्षांनी'. गौतम चट्टोपाध्याय यांनी नव्या पिढीच्या मुलामुलींना हाताशी धरून ती केली होती. मैदानावरील त्या मेळ्यात धूळ खात फिरताना आम्हीही ती विकत घेतली, अर्थात सहकाऱ्यांच्या आग्रहास्तव. निम्मे शब्द कळले नाहीत. पण जे कळले त्यांत कसलाही आव नव्हता, एवढे ध्यानात आले. त्या वर्षी ही गाणी म्हणणारी मुले त्या गाण्यांच्या जन्माच्या वेळी पाळण्यात होती. वडिलांनी ज्याला गोंगाट म्हटले, ते मुलांनी स्वतःचे म्हणून उचलले.

त्यानंतर चंद्रबिंदू, कॅक्टस, फॉसिल्स, भूमी असे बंगाली वाद्यवृंद एकामागून एक लोकप्रिय झाले. ते सारे महीनच्या घोड्यांना आपले पूर्वज मानतात. गौतमबाबू मात्र १९९९ साली ऐन पन्नाशीत गेले. त्यांच्या त्या कॅसेटमधील 'पृथिवीटा नाकी' या गाण्याची चाल २००६ साली 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटात 'भीगी भीगी' या गीतातून भारतभर पोहोचली, आणि ते गायिले बांगलादेशातील जेम्स यांनी. १९८१ साली ज्या मेळ्यास आपल्या गावात श्रोते मिळाले नाहीत, त्याचा सूर पंचवीस वर्षांनी सीमेपलीकडच्या गळ्यातून परत आला.

आता या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे वाचक विचारतील. पन्नास वर्षे आपल्या मंडळाने परमुलखात मराठी जतन केली. वाचनालय, बालवर्ग, नाट्यप्रयोग, गणपती, हळदीकुंकू. ज्यांनी हे उभे केले त्यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. परंतु प्रत्येक वार्षिक सभेत एक खंत ऐकू येते, की तरुण मुले येत नाहीत. ती येतात, पण प्रसादापुरती. त्यांची मराठी मोडकी, तिच्यात हिंदी, इंग्रजी आणि या प्रांताची भाषा मिसळलेली. ती गाणी ऐकतात ती आपल्याला कळत नाहीत. मग आपण त्यांच्या हाती नाट्यगीताची वही देतो, उच्चार सुधारतो, आणि पुढच्या वर्षी ती मुले दिसत नाहीत.

कलकत्त्याचा इतिहास येथे काही सांगू पाहतो. बंगाली भाषेत वैभवाची उणीव नव्हती. रवींद्रनाथांसारखा धनी जिला लाभला तिला काय कमी? तरीही तरुणांस गाण्यासाठी परभाषेकडे जावे लागले, कारण त्या वैभवात त्यांच्या रोजच्या दिवसाला जागा नव्हती. ती जागा सात मुलांनी स्वतः करून घेतली, आणि वडीलधाऱ्यांनी तिकडे पाठ फिरविली म्हणून मध्ये जवळजवळ पंधरा वर्षे वाया गेली. बंगाली भाषा कोट्यवधींची. तिला पंधरा वर्षे गमावणे परवडले. या शहरातील आपली मराठी काही शे कुटुंबांची. येथे पंधरा वर्षे म्हणजे एक संपूर्ण पिढी, आणि ती गेली की परत आणणारा पुस्तक मेळा नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची कार्यकारिणीस एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून गणेशोत्सवातील एक संध्याकाळ सर्वस्वी पंचविशीच्या आतील मुलांच्या हवाली करावी. त्यांनी काय वाजवावे, कोणत्या वाद्यावर, किती मोठ्याने, हे आपण ठरवू नये. अट एकच असावी, की शब्द मराठी हवेत, आणि ते त्यांचे स्वतःचे हवेत. त्यात व्याकरण चुकेल, या प्रांताचे शब्द घुसतील, आपल्यापैकी काहींचे कान दुखतील. त्या संध्याकाळी आपण पुढच्या रांगेत बसावे, आणि शेवटपर्यंत बसावे. मंडळाच्या संस्थापकांनी १९७५ साली भाड्याच्या खोलीत पेटी-तबला मांडला, तेव्हा शेजाऱ्यांस तोही गोंगाटच वाटला असणार.